पदार्थ आधी, समीकरण मागाहून

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांना मी एक प्रश्न हमखास विचारतो. सिमेंट घट्ट कशाने होते? बहुतेक वेळा एकच उत्तर येते: वाळून. मग मी पुढचा प्रश्न टाकतो. वाळून घट्ट होत असेल, तर स्लॅब टाकल्यावर मिस्त्री दुसऱ्या दिवसापासून त्यावर पाणी का मारायला लावतो? इथे वर्ग गप्प होतो. सास्तूर आणि आसपासच्या गावांतल्या मुलांना पाणी मारणे म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांत जो भूकंप झाला, त्यात दगड-मातीच्या जाड भिंतींची, माळवदाची घरे कोसळून सुमारे दहा हजार माणसे गेली. सर्वांत जास्त झळ बसलेल्या गावांत किल्लारीच्या जोडीने सास्तूरचे नाव घेतले जाते. पन्नासहून अधिक गावे नव्या जागी वसवावी लागली आणि पुढची कित्येक वर्षे या पट्ट्यात बांधकाम चालूच होते. आज वर्गात बसणारी मुले त्यानंतर जन्मलेली आहेत. पण स्लॅबवर केलेले मातीचे आळे, त्यात भरलेले पाणी, कॉलमला गुंडाळलेली ओली पोती हे सगळे त्यांच्या घरच्या बोलण्यात आहे.

सिमेंट वाळत नाही, ते पाण्याशी संयोग पावते. त्यातली कॅल्शियम सिलिकेटे पाणी घेऊन जेलसारखा एक जलयुक्त पदार्थ तयार करतात. हा पदार्थ वाळूच्या आणि खडीच्या कणांभोवती वाढत जातो आणि सगळे एकत्र बांधून टाकतो. ही क्रिया मिनिटांत संपत नाही, आठवडे चालते; म्हणून अभियंते 28 दिवसांची ताकद मोजतात. मधेच पाणी संपले तर क्रिया थांबते आणि भिंत कच्ची राहते. हे सगळे जलसंयोग, उष्मादायी क्रिया, अभिक्रियेचा वेग या नावांनी मुलांनी अकरावी-बारावीत वाचलेले असते, त्यावर गुणही मिळवलेले असतात. घराला पाणी मारणारा मुलगा आणि अभिक्रियेच्या वेगाची व्याख्या लिहिणारा मुलगा एकच असतो, फक्त त्या दोघांची गाठ कोणी घालून दिलेली नसते. ती गाठ महाविद्यालयात, पदवीच्या पातळीवर कशी घालायची, हा या पुस्तकाचा विषय आहे.

रसायनशास्त्र शिकवणे अवघड का जाते, याचे मला पटलेले सर्वांत नेमके उत्तर ग्लासगोचे अॅलेक्स जॉनस्टन यांनी दिले. 1982 मध्ये मांडलेला विचार त्यांनी 1991 च्या लेखात अधिक स्पष्ट केला. रसायनशास्त्रज्ञ एकाच वेळी तीन पातळ्यांवर वावरतो. पहिली डोळ्यांना दिसणारी: रंग बदलला, गाळ बसला, भांडे तापले. दुसरी न दिसणारी: अणू, आयन, रेणू, त्यांचे बंध. तिसरी कागदावरची: सूत्रे, समीकरणे, आलेख. अनुभवी शिक्षक या तिन्हींमध्ये एका वाक्यात तीनदा ये-जा करतो आणि आपण जागा बदलली हे त्याच्या लक्षातही येत नाही. नवख्या विद्यार्थ्याची कामकाजी स्मृती मात्र एका वेळी थोड्याच गोष्टी धरू शकते. तिन्ही पातळ्या एकदम अंगावर आल्या की तो समजून घेणे सोडतो आणि पाठ करू लागतो. त्याला आळशी म्हणणे सोपे आहे. खरे तर त्याने त्या परिस्थितीत जगण्याचा एकमेव मार्ग शोधलेला असतो.

आपल्याकडची अडचण आणखी एका पायरीने वाढते. आपण बहुधा तिसऱ्या पातळीपासूनच सुरुवात करतो. फळ्यावर आधी समीकरण येते, मग जमलेच तर कणांची गोष्ट, आणि पदार्थ येतो तो आठवड्याने, प्रॅक्टिकलच्या दिवशी, तोही बाटलीवर लेबल लावून. माझे म्हणणे एवढेच आहे की हा क्रम उलटा केला पाहिजे. पदार्थ आधी, कण नंतर, समीकरण सगळ्यांत शेवटी. आणि तो पदार्थ शक्यतो असा असावा की विद्यार्थी त्याच्याशी आधीपासून परिचित आहे.

हे काही नवे नाही. विद्यापीठातल्या रसायनशास्त्राचा जन्मच पदार्थाशेजारी झाला. 1824 मध्ये यूस्टस लीबिग वयाच्या एकविसाव्या वर्षी जर्मनीतल्या गीसन या छोट्या गावात प्राध्यापक झाले. त्याआधी प्राध्यापकाने टेबलामागे उभे राहून प्रयोग दाखवायचा आणि मुलांनी पाहायचा, ही रीत सर्रास होती. लीबिग यांनी विद्यार्थ्यांच्या हातात पदार्थ दिला आणि यात काय आहे ते तू शोध म्हणून सांगितले. त्यांचे सहायक राहिलेले फ्रेझेनियस यांनी 1841 मध्ये गुणात्मक विश्लेषणावर पुस्तक काढले. आपल्या प्रयोगशाळांत पिढ्यान्‌पिढ्या चाललेले सॉल्ट अॅनालिसिस, ते पहिला गट, दुसरा गट, तिसरा गट, त्याच परंपरेतून आले आहे. लीबिग यांचे विद्यार्थी हॉफमन 1845 मध्ये लंडनला गेले. त्यांचा विद्यार्थी विल्यम पर्किन याला 1856 मध्ये क्विनीन करता करता जांभळा रंग मिळाला आणि कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला. सोलापूरच्या चादरी ज्या रंगांत बुडून निघतात, त्यांची वंशावळ गीसनच्या त्या खोलीपर्यंत मागे नेता येते. मुलांना हे सांगितले की रंगांचा धडा त्यांना परका राहत नाही.

दुसरी एक गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. रसायनशास्त्रातले दोन मोठे शोध शिकवण्याच्या गरजेतून लागले आहेत. जिनोआच्या विद्यापीठात शिकवताना अणुभारांचा जो गोंधळ होता, तो मुलांना समजेल असा उलगडून सांगण्यासाठी स्टानिस्लाव कॅनिझारो यांनी 1858 मध्ये आपल्या व्याख्यानक्रमाची रूपरेषा लिहून काढली. 1860 मध्ये कार्ल्सरूहेच्या परिषदेत ती पुस्तिका वाटली गेली आणि युरोपभरच्या रसायनशास्त्रज्ञांचा गुंता सुटायला लागला. त्या परिषदेला दिमित्री मेंडेलेव हजर होते. पुढे सेंट पीटर्सबर्गला शिकवताना त्यांना रशियन भाषेत धड पाठ्यपुस्तक मिळेना, म्हणून ते स्वतः लिहायला बसले. तेव्हा माहीत असलेली 63 मूलद्रव्ये कुठल्या क्रमाने मांडावीत, हा त्यांच्यापुढचा प्रश्न पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्या शिक्षकाचा प्रश्न होता. त्यातून 1869 ची आवर्तसारणी निघाली. शिकवणे हे संशोधनाच्या खालच्या पायरीवरचे काम आहे, असे मानणाऱ्यांनी ही दोन उदाहरणे जवळ ठेवावीत. आपल्या विद्यापीठीय व्यवस्थेत पदोन्नतीसाठी शोधनिबंध मोजले जातात. पहिल्या वर्षाच्या वर्गाला अणुभार नीट समजला की नाही, हे कोणी मोजत नाही.

विसाव्या शतकात लंबक दुसऱ्या टोकाला गेला. लायनस पॉलिंग यांच्या 1947 च्या पाठ्यपुस्तकाने रेणूची रचना आणि बंध यांना मध्यभागी आणले. 1957 मध्ये स्पुटनिक आकाशात गेल्यावर अमेरिकेत विज्ञानशिक्षणाची घाई सुरू झाली आणि तत्त्वांवर भर देणारे शालेय रसायनशास्त्राचे नवे अभ्यासक्रम आले; इंग्लंडमध्ये नफिल्ड प्रकल्प निघाला. या सगळ्याने रसायनशास्त्राला शिस्त आणली. केवळ पाठांतराचे ढीग होते, तिथे कारणे आली. पण त्या भरात पदार्थ मागे पडला. कक्षकांचे आकार काढणाऱ्या विद्यार्थ्याला तुरटी चवीला कशी असते, मोरचूद तापवल्यावर निळा रंग का जातो, हे सांगता येईनासे झाले. आपल्या देशात हे अभ्यासक्रम पुढे परीक्षापद्धतीला जोडून आले, त्यामुळे तत्त्वेही पाठच करायची झाली. दोन्हीकडचे वाईट तेवढे आपल्या वाट्याला आले, असे मला अनेकदा वाटते.

तरीही आपल्या मातीत वेगळ्या वाटेने चाललेली माणसे होती. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्रफुल्लचंद्र राय पदार्थ घेऊन शिकवत. हाड जाळून उरलेली राख म्हणजे निव्वळ कॅल्शियम फॉस्फेट, त्यात हाडाचे काही उरत नाही, हे दाखवायला त्यांनी भर वर्गात ती राख तोंडात टाकली, अशी आठवण सांगितली जाते. (आजच्या प्रयोगशाळेत असे कोणी करू नये; पण त्या मुलांना फॉस्फेट जन्मभर लक्षात राहिले असणार.) त्यांचा बेंगॉल केमिकल हा कारखानाही अशाच, गुरांच्या हाडांपासून फॉस्फेट काढण्याच्या खटपटीतून वाढला.

आपल्याकडे कोल्हापूरला बाळाजी प्रभाकर मोडक यांनी एकोणिसाव्या शतकातच रसायनशास्त्रासह अनेक विज्ञानविषयांवर मराठीत पुस्तके लिहिली. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला. तिथे रसायनशास्त्र कारखान्याला लागून शिकवले गेले आणि त्यातून उद्योजकांची एक फळीच तयार झाली. 1950 मध्ये पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उघडली, तेव्हापासून संशोधनाची शाळा वेगळी आणि महाविद्यालयातली शाळा वेगळी अशी विभागणी हळूहळू पक्की झाली. मला या सगळ्यांत जवळच्या वाटतात त्या कमला सोहोनी. केंब्रिजहून 1939 मध्ये पीएच.डी. घेऊन आलेल्या या बाईंनी पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायन शिकवले आणि विद्यार्थ्यांना संशोधनासाठी डाळी, नीरा यांसारखे गरिबाच्या ताटातले पदार्थ दिले. प्रथिने, जीवनसत्त्वे, विकर हे सगळे त्या नीरेच्या पेल्यात होते. विषय उच्च पातळीचा आणि पदार्थ ओळखीचा, हे एकत्र नांदू शकते याचा यापेक्षा चांगला दाखला मला ठाऊक नाही.

मराठवाड्याचा इतिहास जरा निराळा आहे आणि तो इथल्या शिक्षकाने विसरता कामा नये. हा भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने 1918 पासून विज्ञानासकट सगळे उच्च शिक्षण उर्दूत देण्याचा प्रयोग केला. त्यासाठी भाषांतराचा स्वतंत्र विभाग उघडला आणि रसायनशास्त्राची पाठ्यपुस्तके उर्दूत आणली. त्या प्रयोगाबद्दल पुष्कळ वाद आहेत. मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेची ती भाषा नव्हती, हा आक्षेप खराच आहे. तरी भारतीय भाषेत विद्यापीठाच्या पातळीवरचे रसायनशास्त्र शिकवता येते, ही गोष्ट आपल्या आजोबांच्या काळात करून दाखवली गेली होती. पुढे 1950 मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेने औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढले, त्याच सुमारास नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले, आणि 23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. म्हणजे इथली विद्यापीठीय परंपरा अवघ्या दोन-तीन पिढ्यांची आहे. आमच्या वर्गात आजही घरातले पहिले पदवीधर बसलेले असतात. पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयासाठी आखलेली पद्धत जशीच्या तशी इथे लावली की ती अडते ती इथेच.

भाषेचा प्रश्न मी टाळणार नाही. मुले दहावी-बारावीपर्यंत मराठीत किंवा अर्ध्या मराठीत शिकतात आणि पदवीला सगळे इंग्रजीत येते. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 मध्ये मुंबईत सुरू झाले. त्याचे पहिले संचालक वि. गो. कुलकर्णी यांनी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याला आणि मुंबईच्या महापालिका शाळांत काम केले. वंचित घरांतली मुले विज्ञानात मागे पडतात त्याचे एक मोठे कारण पाठ्यपुस्तकाची भाषा आहे, हे त्या कामातून समोर आले. ते काम शाळेपुरते होते; पदवीच्या पातळीवर तसे फारच थोडे झाले. माझी भूमिका सरळ आहे. पदार्थाचे निरीक्षण विद्यार्थ्याने त्याच्या घरच्या बोलीत लिहावे. कणांची गोष्ट मराठीत समजून घ्यावी. समीकरण, संज्ञा आणि परीक्षेतले उत्तर इंग्रजीत लिहायला शिकावे, कारण उद्या पुण्यातल्या औषध कंपनीच्या मुलाखतीत त्याला तेच लागणार आहे. इंग्रजी नाकारणे म्हणजे त्या मुलाची नोकरी नाकारणे. आणि मराठी नाकारणे म्हणजे त्याची समज नाकारणे. दोन्हींतले एकही मला परवडणारे नाही.

हे आत्ताच लिहायची निकड का वाटली, तेही सांगितले पाहिजे. लातूर पॅटर्नने, म्हणजे प्रवेशपरीक्षांच्या कसून तयारीच्या पद्धतीने, या भागातल्या मुलांना स्पर्धेत उभे राहण्याचा आत्मविश्वास दिला, हे मी मनापासून मानतो. पण वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीला नंबर न लागलेली बरीच मुले बी.एस्सी.ला येतात ती पराभूत होऊन येतात. चार पर्यायांतून एक निवडायची सवय हाताला लागलेली असते. मोकळ्या कागदावर निरीक्षण लिहा म्हटले की पेन थांबते. दुसरीकडे कितीतरी महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरचे शिक्षक विभाग चालवतात. त्यांना पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे माहीत नसते, तरी ते जीव लावून शिकवतात. त्यांच्या हातात काहीतरी वापरण्याजोगे द्यावे, हा हे पुस्तक लिहिण्यामागचा एक मोठा हेतू आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नंतर अभ्यासक्रमात स्थानिक विषयांना, छोट्या प्रकल्पांना जागा मिळू लागली आहे. ती जागा कागदी अहवालांनी भरून टाकण्याआधी तिचा खरा उपयोग करून घेतला पाहिजे.

माझ्या पद्धतीचा गाभा एका प्रयोगातून सांगतो, कारण वर्णनापेक्षा तो जवळून पाहिलेला बरा. पाण्याचा कठीणपणा मोजण्याचे टायट्रेशन बी.एस्सी.च्या बहुतेक अभ्यासक्रमांत असते. एरवी शिक्षक एका मोठ्या बाटलीत नमुना करून ठेवतो आणि सगळे तोच वापरतात. मी मुलांना सांगतो, आपापल्या घरचे पाणी आणा. मग टेबलावर बाटल्या जमतात: कोणाच्या शेतातल्या बोअरचे, कोणाच्या आडातले, कोणाच्या नळाचे, कोणी माकणीच्या धरणातून भरून आणलेले, कोणी जारचे विकतचे. टायट्रेशनच्या आधी प्रत्येकाने घरच्या माणसाला विचारून लिहायचे असते की हे पाणी कसे आहे. आई सांगते, साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, हंड्याला पांढरी खर धरते. हे झाले पहिल्या पातळीचे ज्ञान, आणि ते वर्गातल्या कोणाहीपेक्षा तिच्याकडे जास्त आहे.

मग 50 मिली पाणी शंकूपात्रात घ्यायचे, अमोनियाचे बफर घालून पीएच 10 च्या आसपास आणायचा, एरिओक्रोम ब्लॅक टीचे दोन थेंब टाकायचे. पाणी द्राक्षरसासारखे तांबडे होते. ब्युरेटमधून 0.01 मोलर ईडीटीए सोडत गेले की तांबडा रंग जांभळट होतो आणि मग एका थेंबाला स्वच्छ निळा. या प्रयोगात 1 मिली ईडीटीए म्हणजे 1 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. तेव्हा 50 मिली नमुन्याला समजा 18.4 मिली लागले, तर लिटरला 368 मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची स्वीकारार्ह मर्यादा 200 आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. आता तो आकडा त्या मुलाच्या घरचा असतो. पुढे तेच पाणी उकळून, गार करून, गाळून पुन्हा टायट्रेट करायचे. आकडा खाली येतो. जेवढा उतरला तेवढा बायकार्बोनेटमुळे होता आणि तोच हंड्याला खर होऊन बसतो. रंग का बदलला, ईडीटीए कॅल्शियमला सहा ठिकाणी कसे धरते, पीएच 10 च का, हे प्रश्न मग मुले आपणहून विचारतात. पदार्थ समोर असतो, कारणाची भूक लागलेली असते, अशा वेळी फळ्यावर लिहिलेले समीकरण कोणाला जड जात नाही.

यातच रीडिंगचा प्रश्न येतो. आपल्या जर्नलांत तीन रीडिंग हुबेहूब सारखी असतात, 9.7, 9.7, 9.7, कारण तसे आले की मार्क मिळतात असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. खरी रीडिंग 9.6, 9.8, 9.7 अशी येतात. माझ्या वर्गात वेगवेगळ्या आलेल्या रीडिंगला आणि त्या फरकाच्या कारणमीमांसेला गुण असतात. जुळवून आणलेल्या रीडिंगला नसतात. हा नियम पहिल्याच दिवशी सांगून ठेवला की मुले काही दिवसांत मोकळी होतात. पुढे एखाद्या औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात काम करताना विद्यार्थ्याने आकडा जसा आला तसा लिहिला पाहिजे. त्या आकड्यावर कोणाच्या तरी गोळीतले औषध अवलंबून असते. तेव्हा ही सवय नीतीच्या तासाला नव्हे, ब्युरेटपाशीच लागली पाहिजे.

घरातून प्रयोगशाळेत आणि प्रयोगशाळेतून कारखान्यात जाणारा असा रस्ता बऱ्याच विषयांत सापडतो. चुना घ्या. कळीच्या चुन्यावर पाणी टाकले की तो फसफसून तापतो. भिंतीला दिलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो. गुऱ्हाळात रसात चुन्याची निवळी घालतात आणि साखर कारखान्यात चुना आणि सल्फर डायऑक्साइड वापरून रस स्वच्छ करतात. आम्ल-अल्कली, गाळ, कलिले यांचा निम्मा अभ्यासक्रम एवढ्यात येतो. अमाईनचा धडा घ्या. आमच्याच जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यातल्या तामलवाडीला मिथिलअमाईने तयार होतात. मिथेनॉल आणि अमोनिया उत्प्रेरकावरून नेले की एक, दोन आणि तीन मिथिल गट लागलेली अमाईने एकदमच मिळतात, मग ती वेगळी करावी लागतात. सोलापूरला जाताना मुले त्या गावावरून जातात आणि परीक्षेत मात्र अमाईनचे गुणधर्म पाठ करून लिहितात. ही दोन टोके जोडायला शिक्षकाला फार काही करावे लागत नाही, पण कोणाला तरी ते करावे लागते.

या पद्धतीवर होणारे आक्षेप मला माहीत आहेत आणि त्यांतले काही योग्य आहेत. मुलाच्या हातात परीक्षानळी दिली की तो आपोआप सिद्धांत शोधून काढेल, असे मी मानत नाही. लाव्हाझिएला जे कळायला आयुष्य लागले, ते विसाव्या वर्षी दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये कोणी शोधून काढणार नाही. सिद्धांत शिक्षकानेच सांगायचा असतो, स्पष्टपणे, नीट बांधून. फक्त तो योग्य क्षणी सांगायचा. दुसरे, सगळे रसायनशास्त्र चुना-पाण्यातून निघत नाही. क्वांटम यांत्रिकी, सममिती, वर्णपटांचे सूक्ष्म विश्लेषण इथे गणिताला पर्याय नाही आणि ओढूनताणून घरगुती उदाहरणे दिली तर विषयाची हानीच होते. तरी तिथेही दारातून आत शिरताना काहीतरी दिसावे. सोडियमच्या दिव्याचा पिवळा, स्ट्रॉन्शियमने आलेला दिवाळीतल्या शोभेच्या दारूचा तांबडा, बेरियमचा हिरवा, यांपासून ऊर्जेच्या पातळ्यांकडे गेलेला विद्यार्थी श्रोडिंगरच्या समीकरणापाशी थोडा अधिक धीट होऊन पोचतो. तिसरा आक्षेप वेळेचा. साठ-सत्तर मुलांच्या बॅचला प्रत्येकाचे पाणी तपासायला लावले तर अभ्यासक्रम पूर्ण कसा होणार? यावर माझे उत्तर असे की काही प्रयोग कमी करावेत. सात प्रयोग समजून केलेले, पंधरा उतरवलेल्यांपेक्षा मोलाचे. विद्यापीठाच्या अभ्यासमंडळांनी हे मनावर घेतले तर फार बरे होईल.

खर्च आणि सुरक्षा यांचाही विचार केला आहे. पॉल अॅनास्टस आणि जॉन वॉर्नर यांनी 1998 मध्ये हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे मांडली. त्यांतले पहिले, कचरा तयारच होऊ देऊ नये. लहान प्रमाणात, थेंबांत करायचे प्रयोग त्या तत्त्वाला धरून आहेत, आणि ग्रामीण महाविद्यालयाच्या तुटपुंज्या केमिकल बजेटलाही. हायड्रोजन सल्फाइडचा वायू सोडून केलेल्या जुन्या गट-विश्लेषणाचा वास ज्यांच्या नाकात आजही आहे, त्यांना हा बदल किती मोलाचा आहे ते सांगायला नको. टायट्रेशनसाठी नमुना 50 ऐवजी 10 मिली घेतला तर ईडीटीए पाचपट पुरते. अचूकता थोडी कमी होते, आणि ती किती कमी झाली हे मोजणे हाच एक चांगला प्रयोग होतो.

हे पुस्तक अभ्यासक्रमाला समांतर चालते, त्याच्या जागी बसत नाही. पाणी, चुना आणि सिमेंट, ऊस आणि गूळ, दूध आणि भूमचा खवा, माती आणि खत, रंग, औषध अशा पदार्थांपासून ते सुरू होते आणि प्रत्येक पदार्थातून भौतिक, सेंद्रिय, असेंद्रिय आणि वैश्लेषिक रसायनशास्त्राकडे फाटे काढते. त्यामुळे एकच संकल्पना दोन-तीन ठिकाणी पुन्हा भेटेल. ते मुद्दाम ठेवले आहे. समतोल एकदा चुन्याच्या निवळीत, एकदा अमाईनच्या मिश्रणात आणि एकदा रक्ताच्या बफरमध्ये भेटला की तो कायमचा ओळखीचा होतो. प्रत्येक पदार्थाच्या शेवटी विद्यार्थ्यांनी घरून विचारून आणलेले प्रश्न दिले आहेत, शक्यतो त्यांच्याच शब्दांत. काहींची पूर्ण उत्तरे मी दिली आहेत, काहींची अर्धी, आणि काही तसेच मोकळे सोडले आहेत, कारण त्यांवर एखाद्याने पदव्युत्तर प्रकल्प करावा अशी माझी इच्छा आहे.

पुस्तक आधी शिक्षकांसाठी आहे, विशेषतः पहिल्या दोन-तीन वर्षांत असलेल्या आणि तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांसाठी. विद्यार्थी ते स्वतः वाचू शकतील, पण प्रयोग मात्र प्रयोगशाळेत, शिक्षकासमोरच करावेत. आम्ले, अमोनिया आणि कळीचा चुना घरी हाताळू नयेत. द्रावणे कशी करायची, ती किती दिवस टिकतात, कोणत्या रसायनाला स्वस्त पर्याय आहे, ही माहिती प्रयोगशाळा परिचरांकडून मिळाली. ब्युरेटचा गळका कॉक कसा सावरायचा, हे मला कुठल्याही पुस्तकात मिळाले नव्हते, त्यांच्या हाताकडे पाहून शिकलो. त्यांच्या सूचना जिथे आहेत तिथे चौकटीत वेगळ्या छापल्या आहेत.

वाचणाऱ्या शिक्षकांना एक विनंती आहे. पुस्तकातले पाण्याचे आकडे काळ्या बेसॉल्टच्या या पट्ट्यातले आहेत. कोकणातल्या जांभ्याच्या, विदर्भातल्या चुनखडीच्या किंवा खानदेशातल्या तापीकाठच्या पाण्याचे आकडे वेगळे येतील. आपल्या भागातले नमुने तपासून, उकळण्याआधीचा आणि नंतरचा कठीणपणा, नमुना घेतल्याचा महिना आणि विहिरीची खोली एवढे लिहून ठेवावे. पुढच्या आवृत्तीतला पाण्याचा भाग मला त्या आकड्यांवर नव्याने लिहायचा आहे.

सास्तूर, ता. लोहारा, जि. धाराशिव